स्वयंपाकघरातली चिचुंद्री, बांधावरची घोरपड

बांधावरचा | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. शनिवार-रविवारी लागोपाठ दोन गोष्टी पाहिल्या. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून धागा काढतोय.

शनिवारी रात्री पावणेदोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो. घर जुनं आहे, स्वयंपाकघरातल्या मोरीला खालून भोक आहे. दिवा लावला तर ओट्याखालून एक चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेनं निघालेली. तिच्या शेपटीच्या बुडाशी एक पिल्लू दातांनी धरून, त्याच्यामागे तसंच दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं. चार जिवांची एकच माळ. कोपऱ्यावर ती अख्खी माळ एखादा साप वळावा तशी वळली आणि मोरीत दिसेनाशी झाली. पंचावन्न वर्षांचा झालो, हे पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी सकाळी शेतावर गेलो. सोलापूरजवळ नान्नजच्या अलीकडे आमची साडेपाच एकर आहे, यंदा तूर आणि उडीद. विहिरीच्या वरच्या अंगाला बांधावर एक जुनं वारूळ आहे. त्याच्या पोटाशी घोरपड उकरत होती. शेपटीसकट दीड मीटर सहज भरली असती. मी लिंबाखाली बसून राहिलो. अर्धा-पाऊण तास उकरणं चाललं. मग ती उलटी फिरली, मागचं अंग भोकात घातलं आणि बराच वेळ हललीच नाही. नंतर माती ओढली, तोंडानं दाबली. एवढ्यावर थांबली नाही, बाजूला आणखी दोन ठिकाणी उकरलं, तेही बुजवलं, आणि सावकाश तुरीत निघून गेली. आमचा गडी पहार घेऊन निघाला होता, त्याला हातानंच थांबवलं.

एक मूठभर जीव, एक दीड मीटरचा. एकीनं पोरं शेपटीला बांधून फिरवली, दुसरी अंडी पुरून मागे न बघता गेली. या दोघींच्या जगण्यात नेमका फरक कशाचा आहे? जाणकारांनी सांगावं. आणि ती अंडीच असतील तर मी काय करू?

---

मोहोळकर | १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

दादा, अंडीच हायत ती. पण जपून. घोरपड लई इखारी असती, फुत्कारली तरी माणूस सुजतो म्हणत्यात. आमची गेल्या साली कोंबडीची नऊ पिल्लं गेली. दिवसाढवळ्या खुराड्यात शिरली हुती. मला काय तिचं कौतुक न्हाई.

---

अनघा_जीव | १९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

बांधावरचा काका, तुम्हाला दोन दिवसांत जे दिसलं ते बघायला आमच्यासारख्यांना वर्षं जातात. सविस्तर लिहिते.

आधी चिचुंद्रीबद्दल. ती उंदीर नाही. कुळ वेगळं, गण वेगळा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत काहीतरी कुरतडतो. चिचुंद्रीचे दात वाढत नाहीत, ते सुईसारखे टोकदार असतात, कारण तिचं मुख्य अन्न म्हणजे झुरळं, किडे, गांडुळं. लांबुडकं हलणारं नाक आणि टाचणीच्या डोक्याएवढे डोळे पाहिले की ओळख पटते. आणखी एक फरक सांगते, माझा फार आवडता. उंदराला उलटी करता येत नाही, चिचुंद्रीला येते. म्हणून गाडी लागणं, मळमळणं यांवरचे प्रयोग आणि उलटी थांबवणाऱ्या औषधांच्या चाचण्या जपानमधल्या प्रयोगशाळांत याच प्राण्यावर झाल्या. केमोथेरपी घेणाऱ्या कितीतरी रुग्णांना आज जो आराम मिळतो, त्यामागच्या संशोधनात हिचाही वाटा आहे.

तुम्ही पाहिलेली माळ खरीच. पिल्लांना घरट्यातून हलवायचं झालं की आई पुढे आणि प्रत्येक पिल्लू पुढच्याच्या शेपटीच्या बुडाशी दात रोवून मागे. पकड इतकी पक्की की आईला उचललं तर अख्खी रांग उचलली जाते.

घोरपड अंडीच घालत होती. जून ते सप्टेंबर हा तिचा काळ. एका वेळी वीसेक अंडी असू शकतात. वारूळ निवडते कारण आतली उष्णता आणि ओल फारशी बदलत नाही. बाजूची दोन भोकं फसवी, अंडी शोधणाऱ्याला चकवायला. पिल्लं बाहेर यायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे पुढचा एप्रिल-मे. तोवर बांधाला हात लावू नका, एवढंच करा.

मोहोळकर दादा, तुमची पिल्लं गेली ते खरं असणार, घोरपड अंडी आणि पिल्लं खातेच. पण फुत्कारानं माणूस सुजत नाही. तिच्या जबड्यात सौम्य विषारी स्राव असतो की नाही यावर गेली वीसेक वर्षं शास्त्रज्ञांत वाद चालू आहे, पण नागासारखं तिचं काही नाही. चावली तर जखम खोल होते, घाण जाते, दवाखान्यात जायलाच हवं. कोंडलं तर शेपटीचा फटकाही जोरात देते. वाट मोकळी ठेवली की पळून जाते.

---

बांधावरचा | १९ ऑगस्ट, सकाळी ८:०५

आठ-नऊ महिने! गाईएवढे. आणि चिचुंद्रीचे दिवस किती?

---

अनघा_जीव | १९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

तीस दिवस. जन्मतः उघडी, डोळे मिटलेली. तीन आठवड्यांच्या आसपास दूध सुटतं. आयुष्य दीड-दोन वर्षांचं. तुमची ती अंडी फुटेपर्यंत तुमच्या मोरीत दोन-तीन वेतं होऊन जातील.

---

तळ्याकाठचा_मास्तर | १९ ऑगस्ट, दुपारी ४:५०

मी निवृत्त गणित शिक्षक. काकांनी विचारलेल्या फरकाचं उत्तर आकड्यांत देता येतं. मला ते फार सुंदर वाटतं, म्हणून जरा लांबवतो.

चुलीवरून दोन भांडी उतरवा, एक पाण्याचा तांब्या आणि एक हंडा, दोन्ही उकळते. तांब्या लवकर निवतो. कारण पाण्याच्या मानानं त्याची उघडी बाजू जास्त. चिचुंद्री म्हणजे तांब्या. तिला अंग सतत माणसाइतकं गरम ठेवायचं आहे, आणि उष्णता चारी बाजूंनी निसटते आहे. तेव्हा जाळ सारखा चालू ठेवावा लागतो, म्हणजे सारखं खावं लागतं.

मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलं की सस्तन प्राण्याचा निव्वळ जिवंत राहण्याचा खर्च वजनाच्या पाऊण घातात वाढतो. सूत्र सोपं आहे : वजन किलोत घ्या, त्याचा ०.७५ घात काढा, ७० नं गुणा. दिवसाच्या किलोकॅलरी मिळतात. ५० ग्रॅमची चिचुंद्री धरली तर ७.४ येतात. पाच किलोचा सस्तन प्राणी असेल तर सुमारे २३४.

घोरपड मात्र सस्तन नाही. ती अंगात जाळ ठेवतच नाही, ऊन घेते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं सरड्याच्या कुळाचा मूळ खर्च पाचवा ते दहावा हिस्सा असतो, तोही अंग तापलेलं असताना. सहावा हिस्सा धरला तर पाच किलोच्या घोरपडीला ४० किलोकॅलरी.

आता तराजू लावा. एका पारड्यात पाच किलोची एक घोरपड, दुसऱ्यात पाच किलो चिचुंद्र्या, म्हणजे शंभर. घोरपडीचा दिवसाचा खर्च ४०. चिचुंद्र्यांचा ७४०. वजन तेच, खर्च अठरा पट. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकीची नाही. रात्री घोरपडीचं अंग निवलं की तिचा खर्च आणखी खाली येतो. चिचुंद्रीची रात्र म्हणजे सगळी धावाधाव.

---

रात्रपाळी | २० ऑगस्ट, पहाटे ५:१०

मास्तर, हे मी रोज बघतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करतो, चादरीचं काम. दोन-अडीचला माग थांबवून चहा घेतो तेव्हा कारखान्यात शांतता होते, आणि भिंतीच्या कडेनं चिक् चिक् आवाज करत ही फिरायला लागते. कधी बसलेली दिसली नाही. झुरळ सापडलं की जागेवर फस्त, लगेच पुढं. सूत कुरतडलेलं मी कधी पाहिलं नाही, सूत कुरतडतात ते उंदीर. पण चिकट सापळ्यावर दोन्ही अडकतात आणि मालकाला दोन्ही सारखेच. एकदा रात्रभर सापळ्यावर राहून सकाळी मेलेली पाहिली. धडपडीनं, भीतीनं की उपासानं गेली, सांगता येत नाही. तेव्हापासून भिंतीकडेचे सापळे मी उचलून ठेवतो.

आमची घरची भाषा तेलुगू. घोरपडीला आम्ही उडुमु म्हणतो. एखाद्यानं हट्ट धरला, सोडायला तयार नाही, की आजी म्हणायची ‘उडुमु पट्टु’. घोरपडीची पकड.

---

अक्कलकोट_रोड | २० ऑगस्ट, सकाळी ९:००

आमच्या कन्नडमध्येही तेच. प्राण्याला उडा, आणि ‘उडद पट्टु’. सोलापुरात तीन भाषा बोलतात आणि तिन्हींत घोरपड म्हणजे पकड.

---

विमलताई | २० ऑगस्ट, सकाळी ११:३५

मराठीत तर तानाजी मालुसऱ्यांची यशवंती आहेच. लहानपणी वडील पोवाडा म्हणायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. घोरपड खरंच माणसाचं वजन पेलेल का हो?

---

तळ्याकाठचा_मास्तर | २० ऑगस्ट, दुपारी १:१०

विमलताई, कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. घोरपडीची कथा पोवाड्यातून आपल्याकडे आली, त्या काळच्या अस्सल कागदांत ती नाही. मुधोळच्या घोरपड्यांच्या घराण्यातही अशीच कथा सांगतात, बहमनी काळातली, खेळणा किल्ल्याची, म्हणजे आजच्या विशाळगडाची. म्हणजे तानाजींच्या दोनशे वर्षं आधीची. पाच-सात किलोच्या प्राण्यावर भरल्या माणसाचा भार टाकून कडा चढणं मला पटत नाही. पण ज्यांनी ही कथा रचली त्यांनी प्राणी नीट पाहिला होता, एवढं नक्की. कपारीत शिरलेली घोरपड अंग फुगवते, नख्या रोवते, आणि शेपूट धरून ओढली तरी निघत नाही.

---

मोहोळकर | २० ऑगस्ट, रात्री ९:२५

ओढून बगितली हाय म्या, लहानपणी. दोघं हुतो. न्हाई निघाली.

मास्तरांचा हिशेब वाचला. एक शंका हाय. एवढ्या कमी खर्चात जगती तर मग पळती कशी? सरडा पळतो आन् दम खातो. ही दम खात न्हाई. आमच्या कुत्र्याला तिनं निम्मं शेत पळवलंय.

---

अनघा_जीव | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

फार नेमका प्रश्न, दादा! सरडे धावताना अंग डावीकडे-उजवीकडे वळवतात. ज्या स्नायूंनी धावायचं त्यांच्यानंच श्वास घ्यायचा, त्यामुळे जोरात धावताना श्वास तुटतो आणि सरडा थांबतो. घोरपडीच्या कुळानं यावर वाट काढली. ती गळा फुगवते ना, त्याला आपण राग समजतो. रागात फुगवतेच, पण धावतानाही तो गळा भात्यासारखा चालतो आणि हवा फुफ्फुसांत ढकलतो. आफ्रिकेतल्या तिच्या एका भाऊबंदावर प्रयोग करून १९९९ मध्ये हे दाखवलं गेलं. त्याच जातीच्या फुफ्फुसांतली हवा बऱ्याच भागात एकाच दिशेनं फिरते, पक्ष्यांसारखी, हे २०१४ मध्ये कळलं. म्हणजे खर्च सरड्याचा, पण गरज पडली की दम सस्तन प्राण्याच्या जवळ जाणारा.

चिचुंद्रीचा दम उलट्या टोकाला आहे. तिची एक सख्खी जात भारतातही आहे, पूर्ण वाढलेली जेमतेम दोन ग्रॅम भरते. वजनानं जगातला सगळ्यात लहान सस्तन प्राणी. तिचं हृदय मिनिटाला दीड हजार ठोक्यांपर्यंत जातं आणि दिवसाला ती स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खाते.

---

बांधावरचा | २१ ऑगस्ट, सकाळी ६:५५

रात्रभर यावरच विचार केला. मला वाटतं घोरपड आपल्या मुलखाची आहे. बहात्तरचा दुष्काळ आमच्या वडिलांनी रोजगार हमीवर खडी फोडून काढला. तेव्हा मी फार लहान होतो, पण नंतर ते सांगायचे की गुरं गेली, कुत्री गेली, घोरपडी मात्र माळावर दिसायच्या. जिचा दिवसाचा खर्च इतका कमी तिला एक वाईट महिना सोसतो. चिचुंद्रीला उपास फार काळ सोसत नाही. म्हणून तर ती माणसाच्या घराला धरून राहते. आपल्या मोरीत, गोदामात, कारखान्यात झुरळांना दुष्काळ नाही.

---

विमलताई | २४ ऑगस्ट, दुपारी ३:००

हे लिहू की नको असं चाललं होतं, पण इथं लिहायलाच हवं. आमच्या सासऱ्यांनी काही वर्षांपूर्वी एका जत्रेत ‘हत्ताजोडी’ घेतली होती. दोन जोडलेल्या हातांसारखं दिसणारं मूळ, शेंदरात ठेवलेलं. लक्ष्मी टिकते म्हणून. देव्हाऱ्यात होतं. धागा वाचून भाचीला विचारलं तेव्हा कळलं की ते मूळ नाहीच.

---

अनघा_जीव | २४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

विमलताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. हत्ताजोडी म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. सरड्यांत आणि सापांत ते दुहेरी असतं, म्हणून जोडल्या हातांसारखं दिसतं. २०१७ मध्ये हा व्यापार मोठ्या प्रमाणावर उघड झाला, ऑनलाइनसुद्धा विकत होते. एका जोडीमागे एक मेलेली घोरपड. तेलासाठी, मांसासाठी, कातड्यासाठी मारतात ते वेगळंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. शिक्षा तीन ते सात वर्षं. विकायला आलेली दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

---

विमलताई | २४ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

देव्हाऱ्यातून काढलं आज. सासरे नाहीत आता. असते तर त्यांनीच काढलं असतं, मुक्या जिवाला त्यांनी कधी काठी लावली नाही.

---

बांधावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

धागा वर आणतोय. काल रात्री मोरीपाशी पुन्हा माळ. यावेळी पिल्लं दोन. तीच आई की दुसरी, कसं सांगणार? बायकोनं मोरीजवळ पावडर टाकायचं बंद केलंय, झुरळं खरोखर कमी झालीत म्हणते. वास मात्र येतो, तो सोसतो.

वारूळ जसंच्या तसं. ज्वारी पेरली, त्या कडेला तीन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, सोडून.

---

बांधावरचा | १७ जानेवारी, दुपारी २:२०

सोलापुरातल्या गड्डा जत्रेची गर्दी आटोपून शेतावर आलो. थंडीत घोरपड महिनाभर दिसली नाही. आज एक अडचण. बांध सामाईक आहे. शेजाऱ्याला विहिरीकडे ट्रॅक्टरची वाट हवी, म्हणून पुढच्या आठवड्यात जेसीबी लावून बांध सपाट करायचं ठरवलंय त्यानं. वाट हवी हे त्याचं म्हणणं रास्त आहे, ऊस बाहेर काढायला त्याला खरंच त्रास होतो. अंड्यांचं सांगितलं तर म्हणाला, पाच महिने जमिनीत काय राहतंय, कुजली असतील.

---

मोहोळकर | १७ जानेवारी, दुपारी ३:०५

कुजत न्हाईत. दादा, त्याला म्हणावं यंदाचा ऊस तुमच्या शेतातनं काढ. ज्वारीची चार तासं गेली तर जाऊ द्या. म्या येतो बोलायला, माझा मेव्हणा त्याच गावातला हाय.

---

बांधावरचा | २३ जानेवारी, रात्री ९:१०

मोहोळकर आले होते. समक्ष भेटलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली होती त्यांनी. शेजाऱ्याशी त्यांनीच बोलणं केलं. ज्वारीची सहा तासं आडवी केली, ऊस गेला. जेसीबी जूनवर ढकलला. ते निघताना विचारलं, कोंबड्यांचं काय केलंत? म्हणाले, खुराड्याला बारीक जाळी मारली, खालून फरशी घातली. या वर्षी एकही पिल्लू गेलं नाही.

---

रात्रपाळी | २ एप्रिल, पहाटे ४:४५

काका, काही खबर? आमच्या कारखान्यात आता तिसरी माळ दिसली. पत्र्याखाली रात्रीसुद्धा अंग भाजतंय.

---

बांधावरचा | २ एप्रिल, सकाळी ७:००

काही नाही. वारूळ दगडासारखं झालंय. रोज बघतो.

---

बांधावरचा | १९ मे, दुपारी १२:३०

परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, चांगला तासभर. काल सकाळी साडेनऊला गेलो तर वारुळाच्या पोटाला अंगठ्याएवढं भोक. लिंबाखाली बसलो. ऊन भोकावर आलं तेव्हा एक तोंड बाहेर. मग दुसरं. अकरापर्यंत सात मोजली. एकेक वीतभर, अंगावर पिवळे ठिपके आणि काळे पट्टे. मोठ्या घोरपडीची मातकट कातडी पाहिलेल्याला ओळखूही येणार नाहीत. आई आसपास कुठंच नव्हती. प्रत्येक पिल्लू बाहेर येई, जीभ लपलप करी, दोन मिनिटं ऊन खाई आणि आपल्या वाटेनं जाई. सातांत कुणी कुणाच्या मागं गेलं नाही.

हात लावला नाही. पण एक बुटाच्या अगदी जवळून गेलं, तेव्हा नीट पाहिलं. बोटाएवढी जाडी. आमच्या मोरीतली चिचुंद्री त्याच्याहून भारी असेल.

शेजारी उशिरा आला होता, त्याला शेवटची दोन दिसली. जेसीबीचं अजून काही बोलला नाही. वाट बांधाच्या खालच्या अंगानं वळवता येईल का, ते पावलं टाकून मोजत होता.